भिंतीतला पाइप आणि जेराल्डची फुंक

जेराल्डला देवाने बाकी सगळं बेताबेताने दिलं, छाती तेवढी हात सैल सोडून दिली. उंची बेताची, केस बेताचे, नोकरी बेताची. आधी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, मग काही वर्षं कुवेतला गोदामात, आणि आता नुसता घरी. पण ठाण्याच्या खाडीकडच्या त्या गावठाणात बँड उभा राहिला आणि जेराल्डने आपला कॉर्नेट, ते छोटं पितळी वाद्य, तोंडाला लावला, की पार नाक्यावरचे रिक्षावाले माना वळवायचे. लग्न असो, क्रुसाचा सण असो नाहीतर मयत, जेराल्डशिवाय बँड हलत नसे. लोक म्हणायचे, हा माणूस एका दमात आख्खं गाणं काढतो. हे काही खरं नव्हतं, पण जेराल्डने ते कधी खोडून काढलं नाही. माणसाला स्वतःबद्दलच्या अशा दोनचार थापा लागतात.

तर ह्या जेराल्डच्या मुलीचं, ब्रेंडाचं लग्न ठरलं. आणि लग्न ठरलं म्हटल्यावर जेराल्डने घर कामाला काढलं. आई, म्हणजे जेराल्डची बायको रेजिना, कधीच गेलेली, पोरीला कशात कमी पडायला नको, म्हणून जुनी मोरी फोडून बाथरूम, स्वयंपाकघराला नव्या टाइल्स, सगळं एकदमच अंगावर घेतलं. शहाण्या माणसाने असं करू नये. पण लग्नघरातल्या बापाला शहाणपण कोण शिकवणार?

घर म्हणजे खरं तर अर्धं घर. बापाने बांधलेल्या कौलारू घराचे बाप गेल्यावर दोन भाग झाले. एक जेराल्डचा, एक थोरल्या भावाचा, फ्रँकलिनचा. मधली भिंत बांधली तेव्हा जेराल्ड कुवेतला होता. सुट्टीवर आला, भिंत बघितली, आणि बॅग न उघडता आधी हाताने मापायला बसला. भिंत एक वीत त्याच्या बाजूला सरकलेली. फ्रँकलिन म्हणाला, गवंड्याची चूक. जेराल्ड म्हणाला, गवंड्याची नाही, नियत खोटी. बस्स! त्या एका वितेवरून दोघा सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. पुढे फ्रँकलिन गेला. गावातल्या प्रत्येक मयतीला वाजवणारा जेराल्ड त्या दिवशी हातात नुसता रुमाल धरून मागून चालत गेला. कॉर्नेट घरीच राहिला. आता भिंतीपलीकडे फ्रँकलिनची बायको डॉरिस एकटी राहत होती.

आणि नेमका इथेच ब्रेंडाने घोळ घातला.

"डॅडी, उंबराचं पाणी डॉरिस काकी आणणार," ती म्हणाली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या बायका लुगडी नेसून, बँड पुढे घालून पाणी आणायला निघतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. पूर्वी उंबराखालच्या विहिरीवर जायचे. आता विहिरीवर स्लॅब पडला, उंबर रस्त्यात गेला, आणि पाणी नात्यातल्या कोणाच्या तरी नळावरून येतं. नाव मात्र उंबराचंच. जेराल्डच्या घराण्यात पहिला हंडा काकीच्या डोक्यावर असतो. ब्रेंडाच्या आत्यांना, चुलत बहिणींना, सगळ्यांना काकीनेच आणलेलं.

"ती नाही," जेराल्ड म्हणाला. "तुझी मावशी आणेल."

"मावशी कशी आणेल? काकी भिंतीपलीकडे बसलीये जिवंत!"

"ती पाणीचोर आहे. पाणीचोराच्या हातचं पाणी माझ्या मुलीच्या अंगावर पडणार नाही."

"मग मी आंघोळीलाच बसणार नाही," ब्रेंडा म्हणाली, आणि ती बापाचीच मुलगी होती, म्हणजे बसणार नाही म्हणजे नाही.

पाणीचोर म्हणायला जेराल्डकडे कारण होतं. रोज पहाटे, त्याचे डोळे उघडायच्या आधी, भिंतीपलीकडे बादल्या वाजायच्या. भस्सकन पाणी पडायचं. आणि मग जेराल्ड उठून मोटार लावायचा, तर त्याच्या टाकीत पाणी कसं, मुळूमुळू. रोजचंच! आधी ती ओढते आणि मग उरलंसुरलं आपल्याला येतं, हा हिशेब त्याने कधीच मांडून ठेवलेला. पुरावा तेवढा नव्हता.

पुरावा काढून दिला सहदेवने. सहदेव कल्याणचा प्लंबर. रोज बाइकवरून यायचा, रोज शीळफाट्याला अडकायचा आणि रोज तेच ट्रॅफिक नव्याने सांगायचा. माणूस चांगला, पण स्वतःवर भलताच खूश. "अंकल, पाइपाचं काय, सरळ गणित असतं," असं म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीचं प्लास्टर उतरवलं आणि गप्पच झाला.

आत पाइपांचा नुसता गुंता होता. बापाच्या काळातले लोखंडी, गंजून फुगलेले. त्यांच्यावरून गेलेले राखाडी प्लास्टिकचे. त्यांच्यामधून घुसलेला एक पांढरा. एका सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. एक पाइप वर जाऊन पुन्हा खालीच आलेला, का आला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"हे कोणी केलंय?" सहदेवने विचारलं.

"मला काय माहीत? मी कुवेतला होतो."

"सगळा वेळ?"

"कामं निघाली तेव्हा नेमका."

सहदेवने खडू काढला. हा बाथरूमचा, हा बेसिनचा, हा टाकीचा, असं लिहीत सुटला. मग एक कॉक बंद केला, तर बाथरूमऐवजी बेसिन बंद पडलं. त्याने खडूने लिहिलेलं पुसलं. दुसरा बंद केला, तर काहीच झालं नाही. तिसरा बंद केला आणि संडासाची टाकी आपोआप भरायला लागली. आता बंद केल्यावर पाणी कसं येईल? जेराल्ड म्हणाला, येतंय तर खरं. सहदेव म्हणाला, यायला नको. दोघं वाकून त्या टाकीकडे बघत राहिले. संध्याकाळपर्यंत भिंतीवर इतकं खोडून लिहिलेलं की ब्रेंडा कामावरून आली आणि म्हणाली, "शाळा उघडली का इथे?"

दुसऱ्या दिवशी तो पाइप हाती लागला. कोपऱ्यात, खाली, जुन्या ओट्यामागे. राखाडी, जाडजूड. एक टोक जेराल्डच्या मोटारीकडे जाणाऱ्या लाइनला जोडलेलं आणि दुसरं थेट मधल्या भिंतीत घुसलेलं. म्हणजे त्याच भिंतीत, वीतभर सरकलेल्या.

जेराल्ड गुडघ्यांवर खाली वाकला. "हा कुठे जातो?"

"बघू की," सहदेव म्हणाला. भरदुपार होती, नळाची वेळ संपलेली, पाइप रिकामा. त्याने करवतीने तो कापला आणि भिंतीकडच्या तोंडाला ओठ लावून फुंकलं. ही त्यांच्या धंद्यातली जुनी रीत. फुंकायचं आणि हवा कुठून बाहेर पडते ते ऐकायचं. सहदेवने गाल फुगवून फुंकलं, लाल झाला, खोकला. काही ऐकू आलं नाही.

"जाम आहे," तो म्हणाला.

"सरक," जेराल्ड म्हणाला.

त्याने खिशातला रुमाल काढून पाइपाचं तोंड पुसलं, कॉर्नेटचं पुसायचा तसंच. गुडघ्यांवर बसला. पोट आत घेतलं. आणि आयुष्यभर लग्नांत, सणांत, मयतींत कमावलेली सगळी हवा त्याने त्या पाइपात सोडली.

भिंतीपलीकडे, डॉरिसच्या मोरीत, असला आवाज निघाला म्हणून सांगू! पाणी आलं की कळावं म्हणून डॉरिस आपला नळ कायम उघडा ठेवायची, खाली पत्र्याची बादली. त्या नळातून आधी घरघर झाली, मग म्हैस हंबरावी तसा लांबलचक भोंगा वाजला, आणि त्यावर डॉरिसची किंकाळी.

"जेजू मारी! कोण आहे रे नळात?"

सहदेव हसत हसत खालीच बसला. ब्रेंडा घरी असती तर तीही हसली असती. जेराल्ड हसला नाही. तो उभा राहिला, गुडघे झटकले, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद होता की विचारू नका.

"गेली की नाही फुंक तिकडे? माझ्या घरातून तिच्या नळात! म्हणजे इतकी वर्षं माझं पाणी कुठे जात होतं?"

"तिकडेच," सहदेव म्हणाला. त्यालाही अखेर एका पाइपाचं गणित सुटल्याचा आनंद झालेला.

"ह्याला कॉक बसव. मोठा बसव. आणि बंद कर."

संध्याकाळी त्याने ब्रेंडाला तो लाल मुठीचा नवा कोरा कॉक दाखवला. पुन्हा पुन्हा दाखवला. ब्रेंडा मात्र मधल्या भिंतीकडे बघत होती.

"डॅडी, काकी एकटी असते. तिला पाणी नाही आलं तर?"

"आपलं आपलं पिऊ दे की. तिच्या बाजूला तिची लाइन आहे, माझ्या बाजूला माझी. मी काय तिची लाइन तोडली?"

खरंच होतं ते. जेराल्डची लाइन फाटकाजवळून आत यायची. बापाने टाकलेला जाड लोखंडी पाइप. दरवर्षी नाताळच्या आधी जेराल्ड त्याला चंदेरी रंग लावायचा, इतका त्याला त्याचा अभिमान. ब्रेंडा नुसती मान हलवून आत गेली आणि दार जरा जोरातच लावलं तिने. जेराल्डला मात्र त्या रात्री छान झोप लागली.

सकाळी मोटार लावली. मोटार गुरगुरली, मग कोरडी किंचाळायला लागली. टाकीत थेंब नाही. जेराल्डने नळ उघडले, स्वयंपाकघरातला, बेसिनचा, नवीन बाथरूमचा. फुस्स. आणि भिंतीपलीकडे? भिंतीपलीकडे बादल्या वाजत होत्या. भस्सकन पाणी पडत होतं. रोजच्यापेक्षा जास्तच!

"असं कसं? कॉक तर मी बंद केलाय!" जेराल्ड स्वयंपाकघरात उभा राहून ओरडला. ब्रेंडा दात घासायचा ब्रश हातात घेऊन बघत होती. तिने पिण्याच्या पाण्यातलं फुलपात्रभर घेतलं आणि चूळ भरली.

सहदेव आला. आज त्याने ट्रॅफिकचं नावही काढलं नाही. मोटार उघडून बघितली, मोटार ठीक. लाइनमध्ये हवा धरली असेल म्हणाला, हवा काढली. पाणी घालून मोटार ओली केली. नवीन सांधे तपासले. काही म्हणता काही नाही. दोघांचीही डोकी चक्रावली. जेराल्डच्या मनात तर नाही नाही ते यायला लागलं. तिने बदला घेतला. कोणाला तरी सांगून गल्लीतून आपली लाइन बंद केली. पण एका रात्रीत? आणि कोणाला सांगून? आणि काल भोंगा वाजला तेव्हा ती तर घाबरली होती, तिला काय कळलं असणार? तरी ती पाणीचोर, काहीही करेल. पण पाणी नक्की चोरलं तरी कसं, हे मात्र त्याला काही केल्या जुळवता येईना.

शेवटी सहदेव म्हणाला, "अंकल, तुमची मेन लाइनच खोलून बघू."

फाटकाजवळचा तो चंदेरी पाइप त्यांनी सांध्यावर खोलला. वेळ नळाची होती, म्हणजे पाणी उसळून अंगावर यायला हवं होतं. जेराल्ड त्यासाठी मागे सरकलाही. आतून पडली ती माती. कोरडी, भुरभुरीत. मग थोडी खडी. सहदेवने सळई घातली, ती हातभर जाऊन अडली.

"हा मेलेला आहे," तो म्हणाला. "आजचा नाही हां अंकल. कधीचाच. रस्ता सिमेंटचा झाला ना, तेव्हा खाली चेपला असणार."

"रस्ता तर..." जेराल्ड म्हणाला आणि थांबला. रस्ता झाला तेव्हा तो कुवेतला होता. ब्रेंडा तेव्हा बालवाडीत होती. "मग इतकी वर्षं माझ्याकडे पाणी कुठून येत होतं?"

सहदेव घरात गेला, ओट्यामागे वाकला, आणि त्या लाल मुठीच्या कॉककडे बघून त्याने कपाळाला हात लावला.

जेराल्डला तेव्हाही नीटसं कळलं नव्हतं. म्हणजे कळत होतं, पण आत शिरत नव्हतं. तो तसाच, मातीच्या हातांनी, फाटकातून बाहेर पडला आणि भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. त्या दारात तो कितीतरी वर्षांनी उभा होता. दाराला तोच जुना रंग होता.

डॉरिस मोरीत बादल्या भरत होती. नळ असा सुटलेला की तिला बादली धरवत नव्हती.

"वैनी," जेराल्ड म्हणाला. हाक मारल्यावर त्यालाच कसंसं झालं.

तिने वळून बघितलं. त्याच्या हातांकडे बघितलं. "पाणी गेलं तुझं?"

"तुला कसं माहीत?"

"माझं इतकं जोरात आलं ना आज. म्हटलं, ह्याने काहीतरी केलं. काल नळात फुंकलंस तू. खरं सांग, तूच ना? मला वाटलं, फ्रँकलिनच बोलावतोय." आणि ती हसली. मग तिचे डोळे भरले आणि तिने ते पदराच्या टोकाने पुसले.

"तो पाइप..."

"त्यानेच घातला. तुझी लाइन रस्त्याखाली गेली तेव्हा. तू तिकडे कुवेतला, रेजिना इथे एकटी, पोर एवढीशी, रोज दुसऱ्याच्या दारातून पाणी भरायची. एके दिवशी ह्याने भिंत फोडली आणि आमच्या लाइनमधून तुमच्याकडे पाणी दिलं. मग भिंत बुजवली. रेजिनाला शपथ घातली, जेराल्डला सांगायचं नाही."

"का नाही सांगायचं?"

"सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस?"

जेराल्डला काही बोलायचं होतं, भिंतीबद्दल, वितेबद्दल, काहीतरी. पण ते काय होतं तेच त्याला सापडेना.

"आणि पहाटे? तू पहाटे पाणी..."

"मग काय करू रे? तुझी मोटार लागली की सगळं तिकडे खेचून नेते, माझ्या नळाला करंगळीएवढी धार. म्हणून आधी उठते आणि माझ्यापुरतं भरून घेते. मोटार लावू नको म्हणून सांगायला यावं, तर तू बोलतोस कुठे?" ती रागावली नव्हती, तेच जास्त वाईट होतं. "गुडघे दुखतात आता पहाटेचे. पण ठीक आहे."

जेराल्डला भिंतीपलीकडच्या बादल्यांचा आवाज आठवला. इतक्या वर्षांच्या पहाटा. अंथरुणात पडल्या पडल्या त्याने तिला घातलेल्या शिव्या. त्याला इतकी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं.

"ब्रेंडाला उंबराचं पाणी तुझ्याच हातचं पाहिजे," तो कसाबसा म्हणाला.

"ब्रेंडाला पाहिजे." डॉरिसने नळ बंद केला. मोरी एकदम शांत झाली. "आणि तुला?"

हो म्हणायला काय जात होतं? पण इतकी वर्षं नाही म्हणायची सवय लागलेली जीभ वळेचना. तो मागे फिरला आणि घरी आला.

घरी येऊन तो ओट्यामागे बसला. सहदेवने कॉक उघडला होता, मोटार लागली होती, टाकीत पाणी पडत होतं. जेराल्डने आधी मोटार बंद केली.

"हा कॉक काढून टाक."

"अंकल, कॉक लागतो. उद्या गळती झाली तर?"

"मग नुसती मूठ काढ."

"मूठ काढली तर बंद कसा करणार?"

"तेच तर म्हणतोय!"

सहदेवला काही समजलं नाही. पण आता ह्या घरात आपल्याला काही समजेल ही आशाच त्याने सोडली होती. त्याने स्क्रू काढून ती लाल मूठ जेराल्डच्या हातावर ठेवली. जेराल्ड ती घेऊन पुन्हा डॉरिसच्या दारात गेला. ती अजून मोरीतच होती. त्याने मूठ तिच्या बादलीजवळ ठेवली.

"ही तुझ्याकडे राहू दे," तो म्हणाला. "आणि मोटार मी तू सांगशील तेव्हा लावेन."

"हिचं मी काय करू? गळ्यात घालू?"

"घाल. लग्नात घाल."

डॉरिसने ती मूठ उचलली, उलटसुलट करून बघितली आणि कमरेला खोचली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. जेराल्ड घरी आला आणि दिवसभर तसाच गोंधळलेला फिरत राहिला. ब्रेंडाने विचारलं, काकी काय म्हणाली? तो म्हणाला, "काय माहीत बाबा."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बायका जमल्या, लाल लुगडी, डोक्यात अबोली. बँड उभा राहिला. मावशी हंडा घेऊन तयार होती, न जाणो लागला तर. जेराल्ड कॉर्नेट हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा होता आणि शेजारच्या दाराकडे बघत नाही असं दाखवत होता. दार बंद होतं. ढोलवाल्याने विचारलं, निघायचं का? जेराल्ड म्हणाला, थांब जरा. पुन्हा विचारलं. थांब म्हटलं ना!

मग दार उघडलं. डॉरिस लग्नातलं जुनं लुगडं नेसून आली, डोक्यावर तांब्याचा हंडा. लांब कुठे जायची गरजच राहिली नाही. स्वतःच्याच मोरीत, स्वतःच्याच नळाचं पाणी तिने भरून आणलेलं. फ्रँकलिनच्या नळाचं. दुखऱ्या गुडघ्यांनी सावकाश पायरी उतरली आणि बँडच्या मागे येऊन उभी राहिली. ब्रेंडा दारातून बघत होती, तिने तोंडावर हात धरला.

ढोल वाजला. आता कॉर्नेटची पाळी. जेराल्डने तोंडाला लावला, छाती भरून घेतली, आणि काही आलं नाही. पुन्हा लावला. नुसती हवा, फुस्स. एका घरातून दुसऱ्या घराच्या नळातून भोंगा काढणारा माणूस, त्याला एक सूर काढता येईना. डोळ्यांतून पाणी कॉर्नेटवर पडत होतं. बँडवाले गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले.

"वाजव रे, जेराल्ड," मागून डॉरिस म्हणाली. "हंडा जड आहे."